शून्य धर

फाटकावर पाटी: वृक्षसंग्रह. अभ्यासासाठी. फुले तोडू नयेत.
खाली कुणीतरी खडूनं: आणि बसूही नये का?
फेब्रुवारीतला शनिवार. वर्षातून एकदाच म्हणे
आपल्यासारख्यांना आत सोडतात.
आम्ही अकरा जण. त्यातले दोघे चुकून आलेले,
त्यांना परीक्षा विभागाची खिडकी हवी होती.

इरफान सोलकर, एम.एस्सी., दुसरं वर्ष,
झाडांची ओळख करून देतो लग्नातल्या पाहुण्यांसारखी:
हे कोकणातले, हे ब्रह्मदेशाकडचे,
हे आफ्रिकेतून आले नि इथलेच झाले.
दर चार मिनिटांनी कलिन्यावरून विमान उतरतं.
तो वाक्याच्या मध्येच थांबतो, तोंड उघडं ठेवून,
विमान गेलं की क्रियापद लावतो.

एकसष्ट नंबर. मुचकुंद.
बिल्ला अर्धा झाडानं गिळलाय,
सहा दिसतो, एक सालीत गेला.
मला बिल्ला बघायची गरज नाही.
ही फुलं सुकवून आई लुगड्यांच्या घडीत ठेवायची.
आमच्या घरात सगळ्यालाच तो वास होता,
रेशनकार्डालासुद्धा.

आई इथे कामाला होती. रोजंदारीवर.
पोरं घरतबाई म्हणायची.
विभागाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात आभार आहेत,
नरोन्हा मॅडमनी मुद्दाम घातलेले,
तिथे छापलंय, 'सुभद्रा घरात'.
एक काना जास्त.
ती हसली होती: कधी होते गं मी घरात?

घेर मोजायचा तो छातीच्या उंचीवर, इरफान सांगतो,
जमिनीपासून एक मीटर सदतीस.
छाती कुणाची, एक मुलगा विचारतो,
सगळे हसतात.
असेल कुणा उंच साहेबाची.
आईच्या ती ओठांशी यायची.
खोडावरचा पांढरा पट्टा तिनंच ओढलेला,
आता तडे गेलेत, रंग पोपडे धरतोय.
लोक पट्टा बघतात.
मला कळतं, नाक कुठे असेल,
कुंकू कुठे,
आणि उन्हानं बारीक केलेले डोळे.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली
की मी तिचा तिसरा हात.
टेप कापडी, पिवळी, शून्य पुसून गेलेलं,
तिनं बॉलपेननं पुन्हा लिहिलेलं.
"शून्य धर," म्हणायची, "आणि हलू नको."
मी टाचा उचलून शून्य खोडाला दाबायचे,
ती टेप सोडत सोडत डावीकडून झाडामागे जायची.
तेवढ्याशा झाडामागे माणूस कितीसं लपणार,
तरी मी उजवीकडे बघत राहायचे.
आधी बोटं, मग बांगडी, मग ती.
पट्ट्याशी तोंड नेऊन आकडा वाचायची,
फक्त सालीला ऐकू जाईल इतक्या हळू.
अठ्ठ्याऐंशी. लिही.
मी वहीत दोन आठ काढायचे,
नाडीला गाठी मारल्यासारखे.

त्या वह्या आमच्याकडे आहेत, इरफान म्हणतो,
चाळीस वर्षांचे घेर, आम्हाला सोन्यासारखे.
अक्षर मात्र कुणा लहान मुलाचं वाटतं.
मी काही बोलत नाही.
पोस्टात तीस वर्षं काढलीत,
पाकीट कुणाचं ते कळलं तरी आपण फोडायचं नसतं.

"कुणी जरा टेप धरेल का?"

मी चपला काढल्या. का, ते माहीत नाही.
ही टेप नवी, शून्य ठळक, छापील.
आता टाचा उचलाव्या लागत नाहीत.
पट्टा माझ्याही ओठांशीच येतो.
तो डावीकडून गेला.
केवढं झालंय झाड,
माणूस पुरता नाहीसा होतो त्याच्यामागे.
वरून विमान उतरायला लागलं,
घरघर सालीतून माझ्या अंगठ्यात आली.
मी उजवीकडे बघत राहिले.

बोटं आली.
त्यानं आकडा सांगितला असावा, ओठ हलले.
विमान गेलं.
"काकू, झालं," तो म्हणाला,
"सोडा आता."